लांबवलेल्या सुरातली थरथर

बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातले कौतिकनाना पेट्या दुरुस्त करतात. पेटी म्हणजे हार्मोनियम. भजनी मंडळांच्या, शाळांच्या, लग्नात गाणाऱ्या पार्ट्यांच्या, ज्यांच्या ज्यांच्या पेट्या सुरातून उतरतात ते सगळे त्यांच्या ओट्यावर येतात. आमच्या प्रांताचं नाव बदलून मध्य प्रदेश झालं त्या साली, १९५० ला, त्यांचा जन्म, म्हणजे सत्तरी ओलांडली आहे. डोळे अधू झालेत, काळी पट्टी कुठली नि पांढरी कुठली हेसुद्धा ते बोटांनी चाचपून ओळखतात. कान मात्र तसेच आहेत.

पेटीच्या आत पितळेच्या पातळ जिभा असतात, त्यांना रीड म्हणतात. टोकाशी किंचित खरवडली की सूर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो. चांगल्या पेटीत प्रत्येक सुराला दोन दोन रीड असतात आणि त्या तंतोतंत जुळाव्या लागतात. जवळजवळ जुळल्या, पण पुरत्या नाही जुळल्या, तर लांबवलेला सूर हेलकावे खातो. नाना त्याला डोल म्हणतात. तुमच्या-माझ्या कानाला लागणार नाही इतका बारीक डोल त्यांना ऐकू येतो आणि तो आला की ते जेवणावरून उठतात. शेजारचे गमतीनं म्हणतात की नानांच्या बायकोला उभ्या जन्मात खोटं बोलता आलं नसेल, यांनी आवाजावरूनच पकडलं असतं.

त्यांची धाकटी बहीण कमल. निंबोल्याला दिली होती, केळीवाल्या घरात. ती गायची, म्हणजे कुठं शिकलेली नव्हती, बायकांबरोबर गायची. श्रावणात घरोघर कानबाई देवी बसते आणि सोमवारी तिला नदीवर पोचवायला निघतात, त्या वेळचं एक गाणं निंबोल्याच्या बायका म्हणत. त्यात ‘माय’ हा एक शब्द फार लांब ओढायचा असतो. एकटी बाई तो ओढत नाही. एकीचा श्वास संपत आला की दुसरी त्याच सुरात हळूच मिसळते, मग पहिली सोडते. ऐकणाऱ्याला वाटतं, एकच आवाज चालू आहे. बायका याला झेलणं म्हणत.

१९८३ च्या ज्येष्ठात इंदूरहून एक कॅसेटवाला आला. श्रावणाच्या आत त्याला कानबाईच्या गाण्यांची कॅसेट काढायची होती. आमच्या लालबागेतल्या एका शाळेच्या खोलीत, दारंखिडक्या गोधड्यांनी झाकून, एका दिवसात आठ गाणी झाली. पेटीवर नाना, समोर कमल, आणि मागे निंबोल्याहून आलेल्या तीन बायका. त्यांतली एक कमलची शेजारीण सोजरबाई. नानांनी त्या दिवशी ठरवून टाकलं की त्या गाण्यात ‘माय’ झेलायचा नाही. कॅसेटवर एकटा आवाज शोभून दिसेल, आपल्या बहिणीचा दम केवढा आहे ते लोकांना कळू दे, असं त्यांच्या मनात होतं. कमलनं तो सूर एका गाण्यात चार वेळा एकटीनं ओढला. गाणं तीनदा घ्यावं लागलं. तिसऱ्यांदा तर कॅसेटवाला पुरे म्हणत असताना नानांनीच घ्यायला लावलं.

त्याच वर्षी मार्गशीर्षात कमल गेली. पाय सुजले, जिना चढवेना, इंदूरला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाला की हृदयाची झडप खराब आहे, आजची नाही, कित्येक वर्षांची. सत्तावीस वर्षांची होती.

झडप कित्येक वर्षांपासून खराब म्हटल्यावर ज्येष्ठातही ती तशीच असणार. हा विचार नानांना चितेसमोरच आला असणार. पण त्यांच्याजवळ एक पुरावा होता. घरी येऊन त्यांनी कॅसेट लावली. कमलचा ‘माय’ ओळंब्यासारखा सरळ होता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आजारी माणसाचा सूर असा राहत नाही, हे पेटी जुळवणाऱ्याला कोणी सांगायला नको. म्हणजे त्या दिवशी ती बरी होती. आपण आजारी बहिणीला गायला लावलं नाही. दहाएक वर्षं ती कॅसेट घरात वाजली, मग ओल लागून टेप चिकटली आणि गेली. पण तो सरळ सूर नानांच्या कानात राहिला. त्याच्या आधारावर त्यांनी अडतीस वर्षं काढली.

२०२१ च्या श्रावणात त्यांची सून शोभा, जी माझ्या आईबरोबर शाळेत शिकवते, तिनं फोनवर काहीतरी शोधताना कमलचं नाव पाहिलं. त्या कॅसेटवाल्याचा सगळा जुना माल कुठल्याशा मोठ्या कंपनीनं विकत घेतला होता आणि गाण्यांच्या ॲपवर चढवला होता. कानबाईच्या रविवारी, नैवेद्याचे रोट भाजून झाल्यावर, शोभानं फोन नानांच्या बाकावर ठेवला आणि गाणं लावलं. तिला वाटलं होतं नाना रडतील. नाना रडले नाहीत. त्यांनी गाणं पुन्हा लावायला सांगितलं, मग फक्त तो ‘माय’ पुन्हा लावायला सांगितला, मग ते आत जाऊन पडून राहिले. ताट तसंच राहिलं.

लांबवलेल्या सुरात कमलचा आवाज थरथरत होता.

चार दिवसांनी ते रिक्षानं लालबागेत माझ्याकडे आले, फोन पिशवीत फडक्यात गुंडाळून. मी इंदूरला इलेक्ट्रॉनिक्स शिकलो आणि घरी बसून एका कंपनीसाठी आवाजाच्या फाइली तपासतो, म्हणून नाना मला इंजिनेर म्हणतात, थोडं कौतुकानं आणि थोडं चिडवायला. बहिणीबद्दल ते त्या दिवशी काही बोलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की या ॲपवरच्या गाण्यांना म्हणे कुलूप असतं, गाणं बाहेर काढून दुसऱ्याला देता येत नाही. तर त्या कुलपामुळे आवाज बिघडतो का?

मला आनंद झाला. असा प्रश्न मला बऱ्हाणपुरात कोणी विचारत नाही. मी त्यांना चहा दिला आणि कागदावर चौकटी काढून समजावलं. गाण्याची फाइल आधी गुंतवून टाकतात, ज्याच्याकडे किल्ली आहे त्याच्याच फोनमध्ये ती सुटते, आणि सुटली की पहिल्यासारखी होते, एका कणाचाही फरक राहत नाही.

“डब्याला कुलूप लावलं म्हणून आतली भाजी अळणी होते का, नाना?” मी म्हणालो. हे वाक्य मला फार आवडलं होतं.

“पक्कं?”

“हंड्रेड परसेंट.”

“म्हणजे थरथर तिचीच.”

मी म्हणालो की जुनी टेप असेल, घसटली असेल. त्यावर ते हसल्यासारखं करून म्हणाले की टेपचा डोल त्यांना माहीत आहे. टेप ओढली गेली की सूरच वर-खाली होतो. इथे सूर जागेवर आहे, फक्त त्याचा जोर हलतोय. माणसाचा श्वास पुरत नाही तेव्हा असं होतं. मग त्यांनी फोन फडक्यात गुंडाळला आणि मी काढलेला चौकटींचा कागदही मागून नेला.

त्यांनी काय नेलं ते मला पंधरा दिवसांनी कळलं. शोभाकाकू आमच्याकडे आल्या होत्या. नानांनी पेट्या घेणं बंद केलं होतं. प्रत्येक रीड थरथरते म्हणत. बोरवाडीच्या भजनी मंडळाची पेटी दोनदा जुळवली आणि दोनदा उघडून पुन्हा बिघडवली. दिवसभर पुढच्या खोलीत फोन घेऊन बसत आणि तो एक ‘माय’ लावत. स्वयंपाकघरातून काकूंना ऐकू यायचं. आधी कमलआत्याचा आवाज यायचा. मग काही दिवसांनी त्यात दुसरा आवाज मिसळायला लागला, खालचा, फाटका. सूर संपत आला की नाना त्याच सुरात शिरायचे.

“झेलतात ते तिला,” काकू म्हणाल्या. तेव्हा आईनं गॅस बंद केला आणि काकूंनी मला सगळं सांगितलं, ज्येष्ठ, शाळेची खोली, गोधड्या, तीनदा घेतलेलं गाणं.

झेललं की पहिलीनं सोडायचं असतं. फोनमधली कमल सोडत नव्हती. नाना मिसळले तरी ती तितकाच वेळ एकटी ओढत राहायची.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी राजपुऱ्यात गेलो. काय बोलणार होतो माहीत नव्हतं. नानांनी मला बसवलं आणि म्हणाले की बरं झालं आलास, तुला एक ऐकवायचं आहे. त्याच कंपनीची दुसरी गाणी त्यांनी शोभाकाकूंकडून शोधून घेतली होती. खंडव्याचे एक म्हातारे बुवा, निर्गुणी भजन म्हणणारे. कुठल्याशा शाळेच्या मुली. एक सनईवाला. नाना लांब सूर आला की बोट वर करायचे. मला आधी काही ऐकू आलं नाही. त्यांनी हेडफोन लावायला लावले. मग सनईच्या टिपेवर, फार बारीक, पाण्यावर ऊन हलतं तसं काहीतरी हललं.

“सगळे थरथरतात,” नाना म्हणाले. “यातले किती मेले असतील आता. सगळे एकाच चालीनं थरथरतात, इंजिनेर.”

मी हेडफोन काढले तेव्हा डोक्यात आलं, की म्हातारा बुवा, शाळेची मुलगी आणि सनई यांचा श्वास एकाच चालीनं कसा संपेल?

घरी जाऊन मी त्या गाण्यांचे आलेख काढले. आवाजाच्या मधल्या पट्ट्यात, माणसाचा गळा आणि पेटी जिथं सगळ्यात ठळक असतात तिथं, ताकद थोडी वाढत होती, थोडी कमी होत होती, सेकंदाच्या ठरावीक बारीक तुकड्यांत, सगळ्या गाण्यांत सारखीच. मी माझ्या कामावरच्या एका वरिष्ठांना विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत असायला हवं होतं. कुलूप वेगळं आणि खूण वेगळी. काही कंपन्या गाणं ॲपला देण्याआधी आवाजातच एक खूण मिसळतात, म्हणजे ते गाणं पुढे कुठंही सापडलं तरी कुठून गेलं ते यंत्राला ओळखता यावं. बहुतेकांना ती ऐकू येत नाही. लांब, सरळ, एकट्या सुरात काहींना येते.

मी त्या संध्याकाळीच नानांकडे गेलो आणि माझं चुकलं म्हणून सांगितलं. कुलपाबद्दल सांगितलं ते खरं होतं. पण डब्यात भरायच्या आधीच भाजीत काहीतरी कालवलेलं होतं, त्याची मी चौकशीच केली नव्हती. न विचारता हंड्रेड परसेंट म्हणून मोकळा झालो होतो.

त्यांना बरं वाटेल अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी गाण्याचा अगदी पहिला भाग लावायला सांगितला, कमल गायच्या आधी नुसती पेटी वाजते तो. खालचा सा, मग वरचा. बराच वेळ ऐकून ते म्हणाले की त्यांची पेटीही थरथरते हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यांना वाटलं, आपण पेटीच वाईट जुळवली होती त्या दिवशी. म्हणजे तेव्हा त्यांचा कानच ठिकाणावर नव्हता, मग बहिणीचा दम कुठून ऐकू येणार. पण रीडचा डोल असेल तर तो खालच्या सुरात संथ असतो आणि वरच्या सुरात जलद होतो. हा दोन्हींत सारखा आहे.

“हा पितळेचा नाही,” ते म्हणाले. “माणसाचाही नाही.”

“तेच म्हणतोय मी, नाना.”

“मग तिचा कसा होता?”

मी म्हणालो, तुम्हाला आठवतोय ना, सरळ होता. त्यांनी मान हलवली. गेला महिनाभर ऐकून ऐकून आठवणीतलाही थरथरायला लागला होता. डोळे मिटले की आता हाच येतो, म्हणाले. त्यांचा पुरावा कुठल्यातरी ऑफिसातल्या माणसानं, ज्याला कमल कोण हेही माहीत नाही, पुसून टाकला होता. आणि मी त्यावर शिक्का मारून दिला होता.

जुनी कॅसेट कुणाकडे असेल तर ती सोजरबाईकडे, निंबोल्याला. आम्ही कार्तिकात गेलो, मामाचा बंद पडलेला टेपरेकॉर्डर मी दुरुस्त करून घेतला होता. रस्त्यावर केळीचे ट्रक भरत होते. सोजरबाई ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली, दारात बसून शेंगा सोलत होती. तिनं नानांकडे वर पाहिलं आणि शेंगा सोलणं थांबवलं नाही.

“अडतीस वर्सांनी याद आली का रे, कौतिकभाऊ? निंबोलं काय विलायतेत हाय?”

नानांनी खाली मान घालून सांगितलं की कॅसेट ऐकायची आहे. कोणती म्हणून तिनं विचारलं नाही. आत जाऊन ट्रंकेतून, लुगड्यांच्या खालून, कडुनिंबाच्या सुक्या पाल्यात ठेवलेली कॅसेट आणली. वर्षातून एकदा, कानबाईला, ती नातवाकडून लावून घ्यायची. नातू जळगावला गेल्यापासून दोन वर्षं वाजली नव्हती.

खोलीत आम्ही तिघं. टेपची सरसर आली, पेटी आली. खालचा सा आणि वरचा सा, दोन्ही स्थिर. मग कमलचा आवाज, आणि पहिला ‘माय’.

तो सरळ होता. मला आलेख काढायची गरज पडली नाही. माझ्या ओठांवर ‘बघा’ आलंच होतं, तेवढ्यात मी नानांकडे पाहिलं. त्यांचं सुराकडे लक्षच नव्हतं. सूर संपला होता आणि ते ऐकत होते.

सूर संपल्यावर एक श्वास होता. ॲपवर त्या जागी काहीच नव्हतं; गाणं साफ करणाऱ्यांनी सुरांच्या मधली सगळी खरखर पुसली होती, तिच्याबरोबर हाही गेला होता. लांब, ओढून घेतलेला, आत कुठंतरी अडकून पुढे सरकणारा श्वास. दुसऱ्या ‘माय’नंतर तो त्याहून मोठा होता. तिसऱ्यानंतर तिनं ओळीच्या मधेच घेतला, जिथं कोणी घेत नाही. चौथ्यानंतर तो एकदा येऊन पुरला नाही, पुन्हा घेतला, आणि तिथंच गाण्याचं रेकॉर्डिंग तुटलं.

नानांनीच बटण दाबलं.

“दहा वर्षं माझ्या घरी वाजली ही,” ते म्हणाले. “हे तेव्हाही होतं?”

मी म्हणालो, असणारच.

“मी सूर ऐकत होतो.”

सोजरबाई शेंगांचं सूप पुढ्यात घेऊन बसली होती. नानांनी तिच्याकडे तोंड केलं.

“ती आजारी होती?”

“व्हती. पाय सुजेल व्हते तिचे. लुगड्याखाली झाकून बसली. मले म्हने, दादाले सांगू नको, तो गानं बंद करीन.”

“तू मागंच होती ना. झेललं का नाही?”

“तूच त हात दाखवला, थांबा म्हनून. मी दोनदा तोंड उघडलं व्हतं.”

बाहेर ट्रकवाल्यांची आरडाओरड चालली होती. नाना बराच वेळ आपल्या हाताकडे पाहत राहिले, जणू तो त्या दिवशी वर केलेला अजून खाली आला नव्हता.

“मी तिला विचारलं नाही,” ते म्हणाले.

“नाही इचारलं.” सोजरबाईनं एक शेंग उचलली, पण फोडली नाही. “तिलेबी कोनी इचारलेलं नको व्हतं. गायाचं व्हतं तिले. पन तू नाही इचारलं, हे बी खरं.”

आठ दिवसांत परत आणून द्यायची, या बोलीवर तिनं कॅसेट दिली. परतताना मी दोनदा म्हणालो की निदान थरथर तिची नव्हती. दुसऱ्यांदा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, मला गप्प बसवण्यासाठी की आणखी कशासाठी ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या खोलीत शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि मी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. पडद्यावर आवाजाचा आलेख होता. सूर म्हणजे जाड पट्टे, आणि मधे ते श्वास, केसाळ बारीक डागांसारखे. मी त्यांना दाखवलं की टेपची सरसर काढता येते, आणि हवं तर हे डागही एकेक करून पुसता येतात. मागे काही खूण राहत नाही. मला वाटलं, एवढं तरी आपल्याला करता येईल.

त्यांनी पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेलं.

“सरसर काढ,” ते म्हणाले. “श्वास राहू दे.”

मग त्यांनी विचारलं, यावर कुलूप आहे का. मी म्हणालो, नाही, कुणालाही द्या. एक प्रत त्यांनी शोभाकाकूंच्या फोनमध्ये ठेवायला लावली आणि एक सोजरबाईसाठी नव्या कॅसेटवर. ॲपवरचं गाणं अजून आहे. लोक ऐकत असतील, आणि कुणाला काही खटकत नसेल.

नाना पुन्हा पेट्या घ्यायला लागले. दुपारी ओट्यावर काम करताना ते कधीकधी ते गाणं लावतात. मी एकदोनदा समोर बसून पाहिलं आहे. कमल गाते आणि त्यांचं रीड खरवडणं चालू असतं. सूर संपतो, श्वास येतो, तेव्हा त्यांचा हात थांबतो. पुढचा सूर लागेपर्यंत ते खरवडत नाहीत.